सात नंबरची गुहा

अप्पांनी तिसरं सुगड फोडलं, तेव्हा मी शाळेतून येऊन ओट्याखाली चपला काढत होते.

"गेलं," अप्पा म्हणाले. खापऱ्या बाजूला सारून त्यांनी चौथं हातात घेतलं.

संक्रांतीची उरलेली सुगडं होती ती. पोटाला कानशीच्या टोकानं घासत घासत भोक पाडायचं, कडा पॉलिशपेपरनं मऊ करायच्या, आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मग वाळूवर आडवं करून काचेच्या टाकीत मांडायचं, की झालं माशाचं घर. हा उद्योग करणारा माणूस म्हणजे माझे वडील, तुरुंगखात्यातले निवृत्त सुभेदार केशव ढवळे. बत्तीस वर्षं त्यांनी माणसं कोंडून ठेवली. निरोप-समारंभात हाताखालच्या लोकांना काय सुचलं देव जाणे, चांदीचा गणपती द्यायचा सोडून त्यांनी तीन फुटी टाकी आणि सात मासे दिले. मासेही असे की अंगावर काळेपांढरे उभे पट्टे. नोकरी सुटली, कैदी काही सुटले नाहीत.

आणि अप्पांनी त्यांना तसंच वागवलं. नावं ठेवली नाहीत, नंबर दिले. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टाकीसमोर उभं राहून गिनती घ्यायची. सातच्या सात दिसले की मान हलवायची आणि भिंतीवरच्या पाटीवर खूण करायची. एखादा दिसला नाही तर काचेवर टिचक्या मारत बसायचं. लपायला जागा आपणच करून द्यायची आणि मग लपला म्हणून टिचक्या मारायच्या, एवढा साधा विसंगतपणा या माणसाला दिसत नव्हता. मी मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते, बी.एड.ला जिल्ह्यात दुसरी आले होते, आणि घरी येऊन मला हे बघावं लागत होतं. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. साताऱ्यात तुरुंगाच्या मागच्या आळीत आमचं तीन खोल्यांचं घर होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

"शाळंतनं आलीस व्हय? च्या टाक," अप्पा म्हणाले.

"आक्का उठली का?"

"पडलीया."

"सोमवारपासून पडलीच आहे."

कानस सुगडावरून घसरली आणि चौथ्यालाही तडा गेला. एरवी त्यांच्या हातून एक फुटायचं नाही. म्हातारपण आलं, मी मनात म्हटलं. ओट्यावरचा नेहमीचा पसारा मात्र आज कमी दिसत होता. एक कौल, एक करवंटी, चार दगड, बस. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. रविवारच्या पाहुण्यांसाठी आवरलं असेल असं समजून मला जरा बरंच वाटलं.

रविवारी कराडचे निकम मला बघायला यायचे होते. मुलगा इंजिनिअर, पिंपरीला नोकरी, घरात दोघंच भाऊ. असं स्थळ आमच्या आळीत कुणाला आलं नव्हतं. आदल्या वर्षी फलटणचं एक आलं होतं, त्याच सुमारास आक्का तीन आठवडे माहेरी येऊन बसली होती. फलटणकरांनी चहा घेतला, आतल्या खोलीकडे दोनदा पाहिलं, आणि गेले ते गेलेच. मधल्या माणसाकडून मागाहून कळलं, थोरली नांदत नाही त्या घरची धाकटी नको.

आणि आता सोमवारी आक्का पुन्हा आली. वैजयंता, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. हातात एक पिशवी, डावं मनगट सुजून ढब्बू झालेलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, न्हाणीत पडले. आदल्या खेपेलाही ती न्हाणीतच पडली होती. तिच्या सासरची न्हाणी फारच निसरडी असावी. आली ती आतल्या खोलीत सोलापुरी चादर डोक्यावरून ओढून पडली. जेवायला उठायची, भिंतीकडे तोंड करून चार घास खायची, पुन्हा चादरीत.

ती परत सासरी जाणार की इथंच राहणार, एवढा एकच प्रश्न घरात होता, आणि घरातला कर्ता पुरुष त्यावर तोंड उघडत नव्हता. मुलीचं मनगट कशानं सुजलं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सात नंबरच्या मादीची शेपटी फाटली होती, त्याची मात्र कोण काळजी. एक नंबरचा नर तिच्या मागे लागतो, तिला टाकीच्या कोपऱ्यात दाबतो, हे मला जेवताना रोज ऐकावं लागत होतं. तिच्यासाठी खास गुहा चालली होती. त्यासाठी सुगडं फुटत होती.

मी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत आतल्या खोलीत गेले. खिडकी लावलेली, अंधार, कोपऱ्यात गादीवर चादरीचा तो ढिगारा. खरंच सांगते, कीव वगैरे काही आली नाही, चीड आली.

"आक्का," मी म्हटलं, "झोपेचं सोंग पुरे. मला तुझ्याशी बोलायचंय."

ढिगारा हलला नाही.

"परवा निकम येणार आहेत. त्यांनी विचारलं, थोरली कुठं असते, तर मी काय सांगू? चादरीत असते म्हणून सांगू? तुझा संसार तुला सांभाळता येत नाही, ठीक आहे, नाही येत एकेकाला. पण माझा होण्याआधीच मोडायला तू कोण? मार काय जगात तुला एकटीलाच बसतो? बायका नीट राहतात, नवऱ्याचा स्वभाव ओळखून वागतात. तू दहावीत दोनदा नापास झालीस तेव्हाही अशीच पांघरूण घेऊन पडली होतीस. तुझं सगळं आयुष्य त्या चादरीत गेलंय."

मी चांगली दहा मिनिटं बोलले. वर्गात बोलते तसं, सावकाश, प्रत्येक शब्द तिला लागेल असा. ती हूं की चूं करत नव्हती आणि त्यानं मला आणखी चेव येत होता. शेवटी चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी थांबले. बाहेर कानशीचा आवाजही थांबला होता. अप्पांनी सगळं ऐकलं असणार. ऐकू दे, मी म्हटलं.

मी चहा गाळत होते तेवढ्यात दारात राजदूत मोटरसायकल येऊन थांबली. दाजी आले. माझ्या आक्काचे यजमान दिनकर शेळके, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. लिहिण्याच्या नावानं आनंद होता, पण पेनं दोन.

"रामराम मामा."

"या, या दिनकरराव. बसा," अप्पा म्हणाले. त्यांनी दाजींसाठी सतरंजी झटकली. जावई दारात आल्यावर बापाचा चेहरा कसा व्हायला हवा याचा मी थोडाफार विचार केला होता. त्यातलं काही अप्पांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांनी वळून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सव्वापाच झाले होते. सहाच्या गिनतीला अवकाश होता.

"वैजूला घ्याया आलोय," दाजी म्हणाले. "आवराया सांगा तिला. दिवस मावळायच्या आत घर गाठायचंय."

"जाशीला की. च्या तर घ्या. शालन, पाव्हण्यांना च्या आण." आणि मग माझ्या वडिलांनी, सुभेदार ढवळ्यांनी, बायकोला मारणाऱ्या आपल्या जावयाच्या हातात एक कौल दिलं. "हे बघा जरा. कसं वाटतंय?"

दाजींनी ते कौल उलटसुलट केलं. "कौल हाय."

"नळीचं कौल. आता मिळत न्हाय. जुनं घर पाडलं का मी जाऊन मागून आणतो. हे असं पालथं घातलं का माशाला आयती कमान व्हती. पर कडा बघा, किती धारंच्या. माशाचं अंग लई नाजूक. घासायला पायजेत. ही कानस घ्या. घासा जरा, माजं मनगट दुखतंय."

आणि दाजी घासायला लागले. घासणार नाहीत तर काय करतील, सासऱ्यानं हातात दिलेलं. मी चहा घेऊन आले तर दोघं समोरासमोर मांडी घालून बसलेले, आणि कौलाची तांबडी भुकटी पांढऱ्या सफारीवर पडत होती. मला त्या दोघांची सारखीच किळस आली.

"करवंटीचं येगळं," अप्पा सांगत होते. "करवंटी आणली आन् टाकली पाण्यात, असं चालत न्हाय. आधी भायेरच्या शेंड्या सगळ्या खरवडायच्या. आतलं खोबरं कणभर ऱ्हाता कामा नये, न्हायतर सडतं. मंग उकळायची. पाणी चहावानी तांबडं व्हतं. ते वतायचं. पुन्यांदा उकळायची. तीनदा, चारदा. पाणी सोच्छ निघालं, की मंगच टाकीत."

"मामा, मी काय म्हणतो..."

"थांबा, दगडाचं सांगतो. दगड कुठलाबी चालत न्हाय. शालन, अर्धं लिंबू आण बरं."

मी लिंबू आणलं. का आणलं, मला माहीत नाही. अप्पांनी चार दगडांवर एकेक थेंब पिळला आणि दाजींना वाकून बघायला लावलं. चौथ्या दगडावर बारीक फेस आला.

"ह्यो बाद," अप्पा म्हणाले. "ह्यात चुना हाय. हळूहळू पाण्यात उतरतो, आन् मासा कशानं मेला ते कळतबी न्हाय. वरनं चारी दगूड सारखंच. बघा, काय फरक दिसतोय का?"

"न्हाय," दाजी म्हणाले. त्यांनी कौल खाली ठेवलं. "मामा, वैजूला हाक मारा."

"मारतो. सात नंबरची गुहा तेवढी बघा." त्यांनी तडा गेलेलं सुगड उचललं. पुढचं तोंड होतंच, मागच्या बाजूला त्यांनी दुसरं भोक पाडायला घेतलं होतं. "ह्याला मागनं वाट ठिवायची. दुकानातली गुहा घेतली तर तिला एकच दार असतं. मासा आत गेला आन् तेचा वैरी दारात येऊन हुबा ऱ्हायला, मंग आतल्यानं जायाचं कुठं? बराकीत मी बघितलंय. दोन वाटा पायजेत. एवढीशी का हुईना, दुसरी वाट पायजे."

हे सांगताना ते पुन्हा घड्याळाकडे बघत होते. दर दोन मिनिटांनी बघत होते. पावणेसहाला पाच मिनिटं, पावणेसहा, पावणेसहा होऊन गेले. याही वेळी यांचा जीव त्या गिनतीत अडकलाय, मला वाटलं. घरावर प्रसंग आलाय, मुलीचा नवरा दारात आहे, धाकटीचं लग्न टांगणीला लागलंय, आणि हे माशांची हजेरी चुकेल म्हणून कासावीस झालेत. त्या क्षणी मला माझ्या बापाचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा त्याआधी किंवा त्यानंतर कुणाचाच वाटला नाही.

दाजी उठून उभे राहिले. गुडघ्यावरची भुकटी झटकून म्हणाले, "बास झालं मामा. वैजू कुठाय?"

अप्पांनी सुगड खाली ठेवलं. "वैजू हितं न्हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाय. हितं न्हाय ती."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शाळेत मुलींना मी रोज सांगत होते की खोटं बोलणाऱ्यानं निदान पचेल असं तरी बोलावं. तीन खोल्यांच्या घरात, हातभर अंतरावर बाई झोपलेली, आणि हा माणूस तोंड वर करून सांगतोय की ती इथं नाही. बत्तीस वर्षांत गिनती एका माणसानंही चुकली नाही म्हणून ज्याची ख्याती, त्याला खोटंही धड बोलता येऊ नये.

"अप्पा खोटं बोलतायत," मी म्हटलं. "आक्का आत आहे. झोपलीय."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"म्हायती हाय की मला," दाजी म्हणाले. "तूच तर फोन केलास बुधवारी. मामा, तुमची ही धाकटी लई सरळ हाय बगा. तुमच्यापरीस सरळ." आणि ते आत गेले.

होय, मीच केला होता. बुधवारी शाळा सुटल्यावर पोवई नाक्यावरच्या बूथवरून कारखान्याच्या टाइमऑफिसला फोन लावला, काट्यावरच्या शेळक्यांना बोलवा म्हणाले, आणि त्यांना सांगितलं की आक्का आमच्याकडे आहे, रविवारच्या आत येऊन घेऊन जा. ती त्यांना न सांगता आली होती. तीन दिवस ते तिला तिच्या मावशीकडे, मैत्रिणीकडे शोधत होते. माहेरी ती यायची नाही अशी त्यांची खात्री होती, कारण आदल्या खेपेला अप्पांनीच तिला परत पोचवली होती. तेवढा पत्ता मी दिला. मनगट बघितलेलं असताना दिला.

आत दाजी ओरडले, "ऊठ. नाटकं नकोत." मग चादर ओढल्याचा आवाज, आणि त्याच्यामागून खडखडखड असं काहीतरी जमिनीवर सांडलं.

मी धावत आत गेले. दाजींच्या हातात चादर होती. गादीवर दोन उशा, आणि गादीभर, फरशीभर, नळीची कौलं, करवंट्या, सुगडं, पीव्हीसी पाइपचे तुकडे, शहाबादी फरशीच्या चिपा. ओट्यावरचा सगळा पसारा. एक करवंटी गरगरत आली आणि माझ्या पायाला लागून थांबली. मी दहा मिनिटं त्या खापऱ्यांना सुनावत बसले होते.

तुरुंगातली ही सगळ्यांत जुनी युक्ती. कांबळ्याखाली गाठोडं ठेवायचं म्हणजे पहारेकऱ्याला माणूस झोपलाय असं वाटतं. लहानपणी अप्पांनी आम्हा दोघींना या गोष्टी जेवताना सांगितल्या होत्या, कोण कसा पळाला, पांघरुणाखाली काय ठेवून पळाला. मला त्यातली एकही आठवली नाही.

दाजींनी सुगडांच्या ढिगावर लाथ घातली. मग ते दार अडवून माझ्याकडे वळले. "तूबी ह्यात हाईस? मला फोन करून बोलवून घेतलंस, आन् तिला काढून दिलीस?"

"नाही दाजी. मला खरंच माहीत नव्हतं."

त्यांचा हात वर गेला. कसा वर जातो ते मी पहिल्यांदाच बघत होते. विचार नाही, राग शब्दात यायची वाट बघणं नाही, जांभई येते तसा सहज वर जातो. मी भिंतीला टेकले होते आणि दार त्यांच्या पाठीमागे होतं. मला कुठंही सरकता येत नव्हतं.

तो हात खाली आलाच नाही. अप्पांनी मागून मनगट धरलं होतं. जोर लावल्यासारखं दिसत नव्हतं, नुसतं धरलं होतं, पण दाजींचा चेहरा पांढरा पडत गेला.

"पाव्हणं," अप्पा म्हणाले, "सहा वाजलं. आता गाडी गेली. तुमी जावा."

"कंच्या गाडीनं गेली ती?"

"जावा."

दाजी गेले. राजदूतला चार किका मारल्यावर ती सुरू झाली. आळीतल्या बायका दारात आल्या होत्या, त्यांनी दाजींच्या सफारीवरची तांबडी भुकटी बघितली.

मी आतल्या खोलीत त्या पसाऱ्यात उभी होते. अप्पा खाली बसून कौलं एकावर एक रचायला लागले. फुटलेली वेगळी, धड वेगळी.

"कधी गेली?" मी विचारलं.

"घरातनं तीनला. गाडी सहाची व्हती. तू शाळंत व्हतीस."

"कुठं?"

अप्पांनी एक करवंटी उचलली, फुंकर मारून बघितली.

"अप्पा, मला का नाही सांगितलंत?"

"बुधवारी मी पोवई नाक्यावर पानपट्टीला उभा व्हतो," अप्पा म्हणाले. "तू बूथवर गेलीस. बराकीतली खबर भायेर कोन नेतंय ते सुभेदाराला कळायलाच लागतं. न्हायतर आत मानूस मरतं."

मला वाटलं होतं ते मारतील. निदान बोलतील. मला ते हवं होतं, कारण मग मी उलट बोलले असते. आदल्या वर्षी तुम्हीच तिला पोचवून आलात ना, हे मी ओठावर तयार ठेवलं होतं.

"तुम्ही मला बोला तरी काहीतरी."

"काय बोलू? तू तुजं बघितलंस." करवंटी धड होती. त्यांनी ती धड असलेल्यांच्या ढिगात ठेवली. "मीबी मागच्या साली माजंच बघितलं व्हतं. आळीत काय म्हंतील, म्हनून न्हेऊन घातली तिला. आवंदा तिनं तिचं बघितलं."

एवढंच. त्यानंतर तेरा वर्षं ते जगले, त्यांनी हा विषय कधी काढला नाही. माझ्यावर रागावले नाहीत, अबोला धरला नाही. फक्त त्या दिवसापासून घरातली कुठलीच महत्त्वाची गोष्ट ते माझ्यासमोर बोलले नाहीत. पत्र आलं की खिशात घालून बाहेर जायचे आणि वाचून यायचे.

रविवारी निकम आले. मी चहा नेला, गाणं येतं का विचारल्यावर नाही म्हटलं, पगार सांगितला. थोरली कुठं असते, असं त्यांच्या आईनं विचारलंच. अप्पा म्हणाले, "भायेरगावी असती. नोकरी करती." निकमांना ते आवडलं. लग्न ठरलं. ज्यासाठी मी ते सगळं केलं होतं ते मला मिळालं, आणि मिळालं ते आक्का निसटली म्हणून मिळालं. ती सापडली असती तर त्या खोलीत जे काही झालं असतं ते आळीनं ऐकलं असतं आणि निकम कराडहून निघालेही नसते. हे मला कळायला चार वर्षं लागली. इतिहास शिकवते मी.

नवरा चांगला निघाला. माझ्यासमोर त्याचा हात कधी वर गेला नाही. त्याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःच्या हुशारीला देत होते.

आक्का आली ती थेट अप्पा गेल्यावर, दहाव्याला. पासष्टीच्या एका बाईबरोबर आली. त्या तावडेबाई, महिला बराकीतल्या जुन्या मेट्रन. अप्पांनी त्या शुक्रवारी तिला त्यांच्याच हवाली केलं होतं. बार्शीला त्यांनी तिला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लावलं. पुढं तिनं बाहेरून दहावी दिली, बारावी दिली. आता तिथलीच रेक्टर होती. हे सगळं मला तावडेबाईंनी सांगितलं. आक्का घाटावरून आल्यावर पोळ्या लाटायला बसली होती. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. पोळी टाकताना डावं मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं.

मी तिच्याशेजारी कणीक घेऊन बसले. चार गोळे करून ठेवले.

"आक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला खूप बोलले. तू नव्हतीस तिथं, पण मी बोलले."

"अप्पांनी लिहिलं होतं," ती म्हणाली.

तेरा वर्षं मी समजत होते की ते शब्द खापऱ्या आणि अप्पांपलीकडे गेले नाहीत.

"माझं चुकलं गं."

"हं," ती म्हणाली. "तवा तापलाय, गोळा दे."

निघताना मी तिला पत्ता विचारला. राग, अढी, काही दिसत नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. वसतिगृहातल्या एखाद्या नव्या मुलीशी बोलावं तशी ती माझ्याशी नीट, समजुतीनं बोलली.

"पत्ता कशाला? बार्शीला उतरलीस की स्टँडवरून फोन कर. मी येते घ्यायला."

फोननंबर दिला तिनं. मी आजवर चार वेळा गेले आहे. चारही वेळा फोन केल्यावर दहा मिनिटांत ती स्टँडवर आली. कॅन्टीनमध्ये आम्ही बसलो. तिनं भजी मागवली, माझ्या मुलांची चौकशी केली, गुडघ्यांना कुठलं तेल लावते ते विचारलं. मी म्हणते, चल ना, घर दाखव तुझं. ती म्हणते, पुढच्या खेपेला. मग परतीची गाडी लागते. ती माझी पिशवी उचलते, मला खिडकीची जागा धरून देते, हातात केळी देते, आणि गाडी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत तिथंच उभी राहते.